उत्तरेच्या रेषेवरची चूल

आमच्या भोरच्या घरी पाहुणे आले की बसायला जागा करण्यासाठी आधी पत्रकांचे गठ्ठे उचलावे लागत. आई आणि बाबा दोघंही चळवळीतले. धरणग्रस्तांना जमीन द्या, बुवाबाजी बंद करा, गावचं पाणी गावाला द्या, असल्या मजकुरावर मी अक्षरं ओळखायला शिकले. त्यामुळे माझ्या वाक्याच्या शेवटी आजही आपोआप उद्गारचिन्ह येतं. शाळेत ‘माझी गाय’ या निबंधाचा शेवट मी ‘गायीला न्याय मिळालाच पाहिजे!’ असा केला होता. बाईंनी वहीवर लाल शाईत विचारलं होतं, ‘कोणत्या बाबतीत?’

अशा माणसाला मामेबहिणीनं फोन करून सांगितलं की तिचं लग्न शनीमुळे अडलंय, तेव्हा माझं काय झालं असेल ते समजून घ्या.

ताई माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. गुंजवण्याच्या अलीकडच्या एका वाडीत मामाची भातशेती आहे, आणि ताई रोज तिथून वरव्याजवळच्या एका लहान कारखान्यात कामाला जाते. तिथल्याच एका मुलाशी तिचं जमलं. मुलगा उत्रोलीचा, साधा आणि कमी बोलणारा. दोन्ही घरांना पसंत. फक्त मुलाच्या आईचं म्हणणं असं, की मुलाला साडेसाती चालू आहे, ती संपल्याशिवाय लग्न नको. ती संपायला बराच अवकाश होता. इकडे मामानं सांगून टाकलं होतं, “तुळशीच्या लग्नापतुर पक्कं झालं तर ठीक, न्हाईतर मी दुसरं स्थळ बघणार.” तुळशीचं लग्न दहा-बारा दिवसांवर आलं होतं.

“तुमच्या पोरांची ती दुर्बीण हाय ना, मोटरवाली?” ताईनं विचारलं. “रविवारी घेऊन ये. त्याची आई, म्हंजी काकू, येणारेत जेवायला. ज्याला घाबरतात त्याला एकदा बघू तर देत.”

“येते! शिवाय मी एक पत्रक लिहिते, ‘शनी कुणाच्या मागे लागत नाही!’ चाळीस प्रती...”

“पत्रकं आणलीस तर दुर्बीणबी परत घेऊन जा.”

पत्रकं भोरलाच राहिली.

मोटरचं महत्त्व इथं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या आकाश बघणाऱ्या पोरापोरींच्या गटानं भोरमध्ये एकदा शनी दाखवायचा कार्यक्रम केला होता. दुर्बीण कशीबशी उभी केली होती, मोटर नुसती घरघरत होती. शनी इतका मोठा करून दाखवायचा म्हणजे आकाशाचा अगदी चिमूटभर तुकडा डोळ्यापुढे असतो. पृथ्वी फिरते, तो तुकडा सरकतो आणि मिनिटाभरात शनी बाहेर. लोक चष्मा काढेपर्यंत काळोख. एका आजोबांनी त्या काळोखाकडे बराच वेळ बघून “छान आहे” म्हटलं आणि नमस्कार करून निघून गेले. त्या दिवशी मी ठरवलं, पुन्हा असं नाही. यंत्राचा मुख्य दांडा पृथ्वीच्या आसाला समांतर लावायचा, म्हणजे तो बरोबर उत्तरेला आणि आपल्या अक्षांशाइतकाच तिरका हवा. मग मोटर त्याला पृथ्वीच्या उलट्या दिशेनं, पृथ्वीच्याच गतीनं फिरवते, आणि ग्रह भिंगात खिळल्यासारखा उभा राहतो. उत्तर चुकली की सगळं चुकलं. आणि काकूंना काळोख दाखवून चालणार नव्हतं.

रविवारी सकाळी टेम्पोतून उतरले तर ताई खळ्यावर उभीच होती. मळणी होऊन गेलेली, पेंढ्याची गंजी एका बाजूला, खळं सारवून लख्ख. नैर्ऋत्येला राजगड, दक्षिणेला मोकळं आभाळ. शनीसाठी याहून चांगली जागा नव्हती. उत्तरेसाठी याहून वाईट नव्हती.

ध्रुवतारा आपल्याकडे मुळातच खाली असतो. हात लांब करून दोन मुठी एकावर एक धरल्या की त्याच्या जवळपास पोचतो. मामाच्या घरामागचा डोंगर त्याहून उंच. ध्रुव त्याच्या पाठीमागे कुठंतरी, मामाच्या जन्मात त्या खळ्यावरून कुणाला दिसला नव्हता. मग आम्ही मोबाईलवरचं होकायंत्र काढलं. माझा मोबाईल डोंगराचं टोक दाखवत होता, ताईचा पेंढ्याची गंजी. मामानं आपला काढला.

“माझ्यात तर उत्तर गोठ्यात हाय.”

“मामा, शेजारी ट्रॉली उभी आहे लोखंडाची. त्यानं काटा ओढला जातो.”

“मग ट्रॉली हलवू? का गोठा?”

ट्रॉली हलवली तरी मोबाईल आपसांत भांडतच राहिले. म्हणून मी ठरवलं, सूर्यालाच विचारायचं. खळ्याच्या मधोमध एक सरळ काठी उभी रोवायची, तिच्याभोवती दोरीनं वर्तुळ काढायचं. सकाळी काठीची सावली आखूड होत होत तिचं टोक वर्तुळाला शिवतं, तिथं खूण करायची. दुपारनंतर सावली वाढत जाऊन पुन्हा वर्तुळाला शिवते, तिथं दुसरी खूण. दोन्ही खुणांचा मध्य काढून काठीच्या बुंध्याशी जोडला की ती रेषा खरी उत्तर. ट्रॉलीची, गोठ्याची, कुणाचीच पर्वा नाही.

ताईला हे फार आवडलं. दोरीला दगड बांधून तिनं काठी चारी बाजूंनी बघून सरळ केली. वर्तुळ रांगोळीनं काढलं. न्याहारीच्या सुमाराला पहिली खूण झाली आणि मग दुपार कलेपर्यंत आम्ही दोघी खळ्यावर राखण बसलो, कारण मामीच्या कोंबड्यांना रांगोळी म्हणजे कण्या वाटत होत्या.

वाडीतल्या दोन बायका पाण्याला जाताना थांबल्या. वर्तुळ बघितलं, मधली काठी बघितली, आम्हा दोघींची तोंडं बघितली.

“लिंबू कुठाय?” एकीनं हळूच विचारलं.

“कसलं लिंबू?”

“न्हाई म्हणलं, करणी उतरवताय का काय.”

माझ्या आईनं आयुष्यभर करणीच्या विरोधात सभा घेतल्या. आणि मी भर दुपारी रिंगण आखून मधे काठी रोवून बसलेली! मी उठून भाषणाला सुरुवात करणार, तेवढ्यात ताईनं माझी ओढणी खाली खेचली.

“उत्तर काढतोय, मावशी,” ती म्हणाली.

“आत्ता! उत्तर तर ही काय,” मावशींनी डोंगराकडे हात केला. दुसरीनं लगेच तो हात धरून दोन बोटं उजवीकडे फिरवला. त्यावर दोघींचं जे जुंपलं ते पाणवठ्यापर्यंत ऐकू येत होतं. जाताना म्हणाल्या, संध्याकाळी येतो बघायला.

दुपारची खूण झाली. मध्य काढला. रांगोळीची रेषा काठीपासून खळ्याच्या कडेपर्यंत ओढली. दुर्बीण ज्यावर बसते त्या तिवईच्या तीन पायांसाठी तीन चपटे दगड हवे होते. दुर्बिणीच्या पुस्तिकेत लिहिलेलं, एक पाय उत्तरेला ठेवा. ती पुस्तिका थंड देशांतल्या माणसांसाठी लिहिलेली. तिथं ध्रुव वर असतो, आपल्याकडे खाली, त्यामुळे इथं दुर्बिणीचा तोल सांभाळणारी वजनाची दांडी उत्तरेच्या पायाला घासते. म्हणून आम्ही उलटं केलं. एक दगड रेषेवर दक्षिणेकडे, दोन दगड उत्तरेकडे, रेषेच्या दोन बाजूंना. ताईनं कामावरची छोटी पाणसळ आणलेली, ती ठेवून तिन्ही दगड एका पातळीत बसवले. बुडबुडा मधोमध आला तेव्हा ती स्वतःवरच खूष झाली. मग आम्ही चहा प्यायला आणि कपडे बदलायला आत गेलो.

बाहेर आलो तर दगडांवर पातेलं आणि पातेल्याखाली जाळ.

“आई!” ताई ओरडली.

मामी फुंकणी हातात घेऊन उठली. चेहरा कौतुकानं भरलेला. “बरं झालं बाय, तुमी चूल मांडून ठिवली. आतल्या चुलीवर भाकरी करायच्या, मी म्हणतच हुते कोंबडी कुठं शिजवू. आन काय पातळीत बसवल्यात दगडं! पातेलं जरा डुगडुगत न्हाई.”

“आई, ती चूल न्हाई, ती तिवईची...”

“तीन दगडं मांडली की काय म्हणत्यात त्याला?” मामीनं विचारलं.

मामीनं काठी उपटून, जळण मांडायला रेषेवर झाडू मारलेला, पण टोकाकडचा हातभर तुकडा आणि काठीचं भोक शिल्लक होतं. मी डोकं धरून बसले. सूर्य राजगडाच्या बाजूला उतरलेला, आता नवी सावली कुठून आणायची? मामानं पातेल्यात डोकावून सांगितलं, रस्सा अर्धा शिजलाय, आता ग्रह इकडचा तिकडं झाला तरी पातेलं हलणार न्हाई.

“रडतीस कशाला?” ताई म्हणाली. “उत्तर काय चुलीखाली पुरलीय का?”

तिनं दोन सारख्या लांबीचे बांबू आणले. एक काठीच्या भोकापासून आडवा टाकला, दुसरा रेषेच्या उरलेल्या टोकापासून तसाच आडवा. दोन्हींच्या पलीकडच्या टोकांना सुतळी ताणली. जुन्या रेषेला समांतर नवी रेषा, चुलीपासून लांब, धुराच्या उलट बाजूला. दिशा तीच, फक्त जागा बदललेली. दगड पुन्हा शोधले. या वेळी मामाला त्यांच्यावर बसवून ठेवलं.

अंधार पडता पडता यंत्र उभं राहिलं. दांडा आमच्या अक्षांशाच्या, अठरा अंशांच्या खुणेवर तिरका केला, सुतळीच्या ओळीत आणला, टेम्पोच्या जुन्या बॅटरीला वायर जोडली. शनी दक्षिणेला वर आलाच होता. भिंगात आणून मोटर सुरू केली. तो हळूच वर सरकायला लागला. यंत्र केसभर एका बाजूला फिरवलं. आता अगदीच सावकाश, पण सरकतच होता. आणखी एक केस. मग आम्ही कपभर चहा पिऊन येऊन बघितलं. शनी कडं घालून मधोमध बसलेला, जागचा हललेला नाही.

काकू आल्या त्या मुलाच्या मोटरसायकलवर मागं बसून. उंच बाई, पदर घट्ट खोचलेला. मामानं उत्साहाच्या भरात “या विहीणबाई!” म्हटलं. काकू म्हणाल्या, “अजून व्हायचंय ते.” मुलानं खाली बघून मोटरसायकलचा आरसा पुसायला घेतला.

वाडीतल्या बायकाही जमल्या. ताईनं काकूंना बोलावलं. काकूंनी चपला काढल्या. माझ्या तोंडाशी एक वाक्य आलं, उद्गारचिन्हासकट, ते मी गिळलं. पण काकू दोन पावलं येऊन थांबल्या.

“त्येच्या नजरंसमोर उभं राहायचं नसतं, बाय. देवळातबी आमी बाजूनं उभं राहतो.”

“काकू, समोर न्हाईच बघायचं,” ताई म्हणाली. “हे बघा, नळी त्याच्याकडं, पण डोळा हितं लावायचा, बाजूला. तुमचं तोंड गोठ्याकडंच राहतंय.”

खरंच तसं होतं. नळीच्या टोकाला आरसा असतो, त्यामुळे बघणारा बाजूनं वाकून बघतो. पण तो काही शनीला चुकवण्यासाठी बसवलेला नसतो! मी ताईकडे बघितलं. तिनं माझ्या पायावर पाय दिला.

काकूंनी गोठ्याकडे तोंड करून डोळा लावला. चष्मा अडला, तो काढला. मग चष्म्याशिवाय दिसेना, ताईनं चक्र फिरवून तो स्पष्ट करून दिला. एवढा सगळा वेळ शनी तिथंच उभा होता. अचानक काकूंनी श्वास आत घेतला.

“अगं बया. कडं हाय की त्याला!”

रस्सा उकळल्याचा आवाज येत होता.

“पोराच्या बापाचा टेम्पो घाटात उलटला तवापासनं म्या दर शनिवारी ह्येला तेल घालते,” त्या भिंगावरून डोळा न काढता म्हणाल्या. “पाय गेला त्यांचा. हा असा असंल असं वाटलं न्हवतं. बघा की, खुंट्याला बांधल्यावानी उभा हाय. जरासुदिक हलत न्हाई. हा काय कुणाच्या मागं लागतोय?”

मामानं टाळीच वाजवायची बाकी ठेवली. ताईचे डोळे चमकले. झालं होतं काम. मी गप्प बसायचं, एवढंच उरलं होतं.

पण ते खरं नव्हतं. शनी उभा नव्हता. मोटरमुळे उभा दिसत होता. आमच्या घरात एक गोष्ट पत्रकात न छापताही पाळली जायची, खोटं सांगून कुणाला आपल्या बाजूला आणायचं नाही. बुवा तेच करतो. माझा हात बटणाकडे गेला. ताईला तो दिसला आणि तिनं डोळ्यांनीच मला उभी जाळली. मी मोटर बंद केली.

“काकू, बघत राहा.”

“चालला!” काकू ओरडल्या. “अगं, चालला की! कुठं निघाला?”

“तो नाही निघाला, आपण निघालोय. पृथ्वी फिरतीये. हे खळं, ती चूल, राजगड, सगळं घेऊन आपण सरकतोय. मघाशी तो उभा दिसत होता कारण ही मोटर दुर्बिणीला आपल्या उलट्या बाजूला फिरवत होती.”

काकूंनी डोळा काढला. “म्हंजी मघाशी मला फसवत हुता तुमी?”

“फसवायचं नव्हतं म्हणूनच बंद केली.”

“भाचे,” मामा दात आवळून म्हणाला, “तुला विचारलं हुतं का कुणी?”

ताईची मान खाली होती आणि ती पाणसळ हातात फिरवत होती. त्या क्षणी मला माझ्या तत्त्वांचा अभिमान वगैरे काही वाटला नाही.

काकू राजगडाकडे बघत उभ्या राहिल्या. “हे समदं फिरतंय?”

“हो.”

“लई येगानं?”

“लई.”

“आन तो तिथंच?”

“तोही फिरतो, त्याच्या वाटेनं, पण फार सावकाश. आत्ता दिसलं ते पळणं आपलं.”

“आपणच पळतोय,” काकू म्हणाल्या, “आन म्हणतोय तो मागं लागला.” मग त्यांनी ताईकडे बघितलं. “ही मोटर बरोबर कुणी लावली?”

“ताईनं,” मी घाईनं सांगितलं. “सकाळपासून उन्हात बसली होती. एकदा लावलं ते मोडलं, परत लावलं.”

“कशापायी गं?”

“तुमाला घाईनं बघाया लागू नये म्हणून,” ताई पुटपुटली.

काकूंनी पदर सारखा केला. “एक सांगते. तुझी ही बहीण लई अवघड हाय. लग्नात पंगती उठस्तोवर हिला गप्प ठिवायची. एवढी एक अट माझी.”

मामाचं तोंड उघडंच राहिलं. “कुणाच्या लग्नात?”

“कुणाच्या म्हंजी? तुळशीचं लगीन झालं की या उत्रोलीला, सुपारी फोडू. साडेसाती असू दे तिच्या जागी. तेलाचं मी बघीन, शनिवार मी सोडणार न्हाई.” हे शेवटचं माझ्याकडे बघून. “तुला काय पत्रक काढायचं ते काढ.”

“काढणार!” मी म्हटलं.

“काढ की. मला वाचून दाखव.”

मुलानं तिकडं मोटरसायकलचा आरसा इतका पुसला की तो निखळून त्याच्या हातात आला. ताई आधी हसली, मग तिनं माझ्या दंडाला इतका मोठा चिमटा काढला की त्याची खूण दिवाळीनंतरच्या थंडीभर टिकली. मामी मात्र चुलीपाशीच होती; तिला तिसऱ्यांदा सांगितल्यावर कळलं, आणि ती कालथा घेऊनच धावत आली.

काकूंनी मला मोटर परत चालू करायला लावली, आणि शनीला परत आणून द्यायलाही. यंत्र जागचं हललेलं नव्हतं, एक चक्र फिरवलं की तो मधोमध येऊन बसला. मग वाडीतल्या बायकांची रांग लागली, आणि रांगेचा ताबा आपोआप काकूंनी घेतला. लग्न आता त्यांच्याच घरचं झालेलं. दुपारच्या दोन्ही मावशी पुढं होत्या.

“चपला काढा. समोर न्हाई, बाजूनं उभी रहा, नजर पडंल तोंडावर. हां, वाक आता. हलत न्हाई ना? तो न्हाई हलत तसं न्हवं, आपण हलतोय, धरती फिरती, ती मोटर सांभाळून घेती. चल, हो बाजूला, दुसरीला बघू दे.”

प्रत्येकीला हेच, त्याच क्रमानं, न चुकता. अर्धं ऐकून माझी चडफड होत होती आणि उरलेलं अर्धं मी आयुष्यात इतक्या थोडक्यात कधी लिहू शकले नव्हते. मी मधे बोलायला दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा ताईनं त्यात भाकरीचा तुकडा कोंबला.